हेवी टँक कसा जोखायचा: आयएस-३ समोर ठेवून

वर्ल्ड ऑफ टँक्स या रणगाड्यांच्या ऑनलाइन गेममधला आठव्या टियरचा (पायरीचा) माझा पहिला हेवी, म्हणजे जड टँक, मी तीन आकडे बघून घेतला होता: हिट पॉइंट्स, पुढचं चिलखत आणि एका गोळीचा डॅमेज. तिन्ही आकडे तुलनेत हिरवे दिसत होते, मग आणखी काय बघायचं? पुढचे दोन आठवडे रोज तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला टँक गमावून मी गॅरेजमध्ये परत. टँक चांगलाच होता, मला त्याचा कागद वाचता येत नव्हता.

नवा हेवी घ्यायचा की नाही, आणि घेतलाच तर मैदानात कुठे उभा करायचा, हे ठरवायला मी आता जी पद्धत वापरतो ती इथे मांडतोय. उदाहरणाला सोव्हिएत आयएस-३ घेतो. खरा आयएस-३ ७ सप्टेंबर १९४५ ला बर्लिनच्या विजय संचलनात दोस्त राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांसमोरून गेला आणि त्याचं टोकदार नाक बघून सगळे चपापले. गेममध्ये तेच नाक नवख्या खेळाडूला घात करतं, म्हणून तो शिकवायला उत्तम. तुलनेला सातव्या टियरचा अमेरिकन टी२९ सोबत ठेवतो. आकडे अपडेटबरोबर मागेपुढे होतात, त्यामुळे घेण्याच्या दिवशी गॅरेजमधला आकडा खरा माना. वाचायची रीत बदलत नाही.

सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे. हेवीची लढाई म्हणजे सौदा. आडोशामागून बाहेर यायचं, एक गोळी मारायची, समोरच्याची एक खायची किंवा उडवून लावायची, आणि मागे सरकायचं. पंधरा मिनिटांत असे दहा-बारा सौदे झाले तर डोक्यावरून पाणी. प्रत्येक आकड्याला एवढंच विचारायचं: या सौद्यात माझं किती जातं आणि त्याचं किती जातं? डीपीएम (मिनिटाला होणारा डॅमेज), वेग, व्ह्यू रेंज (टँकला किती दूरचं दिसतं ते) सगळं त्याच्यानंतर.

पहिलं काम: गन बाहेर असताना आणखी काय बाहेर आहे?

बहुतेक जण पत्रकात चिलखत आधी बघतात. मी गन डिप्रेशन बघतो, म्हणजे नळी आडव्या रेषेच्या खाली किती अंश झुकते ते. टी२९ ची झुकते १० अंश, आयएस-३ ची ५ अंश. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. जमिनीवर बघा: ५ अंशांत १०० मीटरमागे सुमारे ९ मीटरचा उतार बसतो, १० अंशांत जवळपास १८ मीटरचा.

आता टेकाडाच्या मागे उभे राहा. टँक चढावर आहे, म्हणजे नाक वर. टी२९ चं नाक १० अंश वर असलं तरी नळी समोर सरळ राहते, त्यामुळे तो फक्त टरेट, म्हणजे वरचा फिरता बुरूज, बाहेर काढून गोळी मारतो. त्याच्या टरेटची पुढची बाजू २७९ मिमी आहे. खालचा हल, म्हणजे टँकचं धड, मात्र १०२ मिमीचा, मध्यम दर्जाचा, आणि तो मातीआड लपलेला. आयएस-३ त्याच टेकाडावर गेला की नळी आभाळाकडे. मारायचं असेल तर त्याला माथ्यावर पूर्ण चढून पुढे कलावं लागतं, आणि तोपर्यंत नाकासकट सगळं अंग समोरच्याच्या नजरेत.

म्हणून आयएस-३ ला टेकाड नको, सपाट रस्ता आणि घराचा कोपरा हवा. हिमेल्सडॉर्फ या शहरी नकाशाच्या गल्ल्यांत तो राजा आहे. टी२९ ला हिमेल्सडॉर्फमध्ये नेऊन रस्त्याच्या मधोमध उभा केला तर त्याच्या सगळ्या ताकदीवर पाणी.

पहिला निर्णय इथेच होतो. तुम्हाला कोणत्या जागा आवडतात? टेकाड आवडत असेल तर ६ अंशांच्या खालचा हेवी घेऊ नका, त्याचं चिलखत कितीही जाड असो. पत्रकात आणखी एक छोटी पण चावरी गोष्ट तपासा: डिप्रेशन सगळ्या दिशांना सारखं आहे का? काही टँकांची नळी इंजिनाच्या बाजूला किंवा कोपऱ्यावर कमी झुकते.

दुसरं काम: चिलखताचा आकडा स्वतः मोजा

पत्रकात लिहिलेली जाडी म्हणजे पत्र्याची जाडी. गोळीला किती पोलाद कापावं लागतं हे तिरपेपणावर ठरतं. हिशेब सोपा आहे, फोनवरचा कॅल्क्युलेटर पुरतो.

समजा ११० मिमीचा पत्रा आहे आणि गोळी त्याच्या लंबाशी ६० अंशांत येते. ११० भागिले ६० चा कोसाइन, म्हणजे २२० मिमी. पण साधी एपी (चिलखतभेदी) गोळी आदळताना ५ अंश सरळ होते, याला गेममध्ये नॉर्मलायझेशन म्हणतात. म्हणजे प्रत्यक्षात ५५ अंश, आणि ११० चे होतात सुमारे १९२. एपीसीआर (कठीण गाभ्याची चिलखतभेदी गोळी) २ अंशच वळते, तिच्यासाठी सुमारे २०८. हीट गोळी (स्फोटाच्या झोताने भेदणारी) अजिबात वळत नाही, तिला पूर्ण २२०. एकच पत्रा, तीन गोळ्या, तीन जाड्या.

आता समोरच्याची गोळी. पेनिट्रेशन, थोडक्यात पेन, म्हणजे गोळी किती मिमी पोलाद भेदते ते, दर वेळी २५ टक्के वर-खाली होतं. २२५ पेनची गन १६९ ते २८१ मध्ये कुठेही पडू शकते, बहुतेकदा मधल्या भागात. म्हणजे १९२ चं चिलखत २२५ च्या गनला ‘थांबवतं’ असं म्हणता येत नाही. ते कधी थांबवतं, बहुतेकदा नाही. स्टॉक, म्हणजे टँकबरोबर सुरुवातीला मिळणाऱ्या, गनचं पेन १७५ असेल तर तेच १३१ ते २१९, आणि आता हेच चिलखत अर्ध्याहून जास्त वेळा वाचवेल. थांबवेल की नाही यापेक्षा किती वेळा थांबवेल, असं विचारलं की हिशेब खरा होतो.

आयएस-३ चं गुपित इथेच आहे. त्याचं नाक दोन तिरप्या पत्र्यांचं, मधे धार, होडीच्या नाळेसारखं. समोरासमोर उभं राहिलं की दोन्ही पत्रे दोन दिशांनी तिरपे दिसतात आणि जाडी वाढते. पण बाकीच्या हेवींची सवय लागलेला माणूस काय करतो? हल थोडा वळवतो, ‘अँगल’ करतो. साध्या चौकोनी हलला त्याने फायदा होतो. आयएस-३ ला उलटा. वळवलं की नाकाचा एक पत्रा समोरच्याला सरळ होतो. समजा ६० अंशांचे ४५ उरले, तर नॉर्मलायझेशननंतर ४० अंश, आणि तेच ११० मिमी आता जेमतेम १४४. तुम्हाला वाटतं आपण शहाणपणा केला, प्रत्यक्षात समोरच्याला दार उघडून दिलं. ते दोन आठवडे मी नेमकं हेच करत होतो.

कोपऱ्यावर साइडस्क्रेप, म्हणजे आडोशाआडून फक्त तिरपी बाजू दाखवून मारायचं, करायचं तर आयएस-३ ने पाठ आधी काढायची, नाक आडोशात ठेवायचं. ऐकायला विचित्र वाटतं, पण करून बघा.

चिलखतात आणखी दोन नियम लागतात. एक, एपी आणि एपीसीआर गोळी पत्र्याच्या लंबाशी ७० अंशांपलीकडे आली की आपोआप उसळते, हीटला ही मर्यादा ८५ अंश. म्हणजे तुमची बाजू समोरच्याच्या रेषेशी २० अंशांच्या आत असेल तर पातळ पत्राही गोळी उडवतो. साइडस्क्रेपचं सगळं शास्त्र एवढंच. दोन, हा नियम मोडणारा नियम: गोळीचा व्यास पत्र्याच्या जाडीच्या तिपटीहून जास्त असेल तर उसळणं बंद. ४० मिमीच्या पत्र्याची तिप्पट १२०. १०५ मिमीची गोळी उसळेल, १२२ मिमीची उसळणार नाही. त्यामुळे कोणताही हेवी घेताना टरेटचं छप्पर आणि हलवरचा वरचा पत्रा किती मिमीचा हे बघाच. पुढची बाजू किल्ल्यासारखी आणि छप्पर ४० मिमी असं असेल तर आयएस-३ सारख्या १२२ च्या गनवाल्यांना तुम्ही आवडाल.

तिरपेपणाचं महत्त्व मला गेमपेक्षा आधी नगरच्या रणगाडा संग्रहालयात कळायला हवं होतं. तिथे ब्रिटिशांचा चर्चिल उभा आहे. समोर जाऊन पाहिलं तर पुढचा पत्रा जवळजवळ भिंतीसारखा उभा. चर्चिल सातव्या मॉडेलचं पुढचं चिलखत १५२ मिमी, म्हणजे आयएस-३ च्या ११० पेक्षा कितीतरी जाड. पण उभं असल्यामुळे ते १५२ च राहतं, आणि वर सांगितलेल्या तिरप्या ११० पुढे कमी पडतं. गेममध्ये हाच चर्चिल सहाव्या टियरला भेटतो. लोक त्याच्या १५२ वर भाळतात आणि मग समोर कधी आठवा टियर आला की नशिबाला दोष देतात.

हे सगळं प्रत्येक टँकसाठी हाताने मोजायची गरज नाही. टँक्स डॉट जीजी या संकेतस्थळावर टँकचं त्रिमितीय मॉडेल फिरवून बघता येतं, समोरची गन निवडली की कुठे हिरवं आणि कुठे लाल हे दिसतं. तिथे पंधरा मिनिटं घालवा. पण मॉडेल समोरून बघून समाधान मानू नका. २० अंश डावीकडे, २० उजवीकडे, आणि थोडं वरून बघा, कारण टेकाडावरचा शत्रू वरूनच बघतो. कपोला (टरेटवरचा छोटा घुमट) किती मोठा आहे आणि खालचा पत्रा किती उंच आहे हे तेव्हाच लक्षात येतं.

तिसरं काम: गनचा जमाखर्च

अल्फा म्हणजे एका गोळीचा सरासरी डॅमेज. आयएस-३ च्या १२२ मिमी बीएल-९ चा अल्फा ३९०, पेन २२५. तो डॅमेजही २५ टक्के इकडेतिकडे होतो, म्हणजे २९३ ते ४८८. टी२९ चा अल्फा ३२०, पेन १९८.

अल्फा जास्त तर टँक चांगला, असं नाही. रीलोड, म्हणजे पुढची गोळी भरायला लागणारा वेळ, सोबत धरा. समजा तुमचा अल्फा ३९०, रीलोड १२ सेकंद. समोरच्याचा अल्फा ३२०, रीलोड ९ सेकंद. एक-एक गोळी मारून दोघे मागे गेलात तर तुम्ही ७० ने पुढे. असे पाच सौदे झाले की ३५० ची कमाई. पण तुम्ही मागे न जाता २० सेकंद समोरासमोर उभे राहिलात तर? तुमच्या दोन गोळ्या, ७८०. त्याच्या तीन, ९६०. तोच टँक, तीच गन, आणि आता १८० चा तोटा. जास्त अल्फाच्या गनने डोकावून मारायचं असतं, जास्त डीपीएमच्या गनने समोरच्याला अडकवून ठेवायचं असतं. तुमचा स्वभाव कोणता? मी अधीर माणूस आहे, मला मागे जायची शिस्त उशिरा लागली.

किती गोळ्यांत समोरचा मरतो हेही मोजा. १५०० हिट पॉइंट्सच्या टँकला सरासरी ३९० च्या चार गोळ्या, ३२० च्या पाच. इथे तो ७० चा फरक अख्ख्या एका रीलोडएवढा होतो. कधी मात्र फरक पडतच नाही: १२०० च्या टँकला दोघांनाही चारच गोळ्या लागतात. ज्या टियरमध्ये खेळणार तिथल्या चार-पाच टँकांचे हिट पॉइंट्स घेऊन हा भागाकार करून बघा.

नेमबाजीचा आकडा कसा वाचायचा हे पुष्कळांना ठाऊक नसतं. ०.४० म्हणजे निशाणा पूर्ण जुळल्यावर १०० मीटरवर ४० सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ. ३०० मीटरवर तेच १.२ मीटर. अशा गनने ३०० मीटरवरून कपोला मारायचा म्हणजे देवाला नारळ. सोव्हिएत १२२ या बाबतीत ढोबळच आहे. त्यामुळे आयएस-३ ची खरी लढाई शंभर मीटरच्या आत, आणि तिथे कोपरा लागतोच. पहिल्या कामात गन डिप्रेशनने जे सांगितलं तेच हा आकडाही सांगतोय. दोन आकडे असे एकाच जागेकडे बोट दाखवत असतील तर तो टँक सरळ आहे, खेळायला सोपा जातो. डिप्रेशन टेकाड मागतंय आणि नेमबाजी कोपरा मागतेय अशी ओढाताण दिसली की सांभाळून.

शेवटी, पेन तळाच्या टियरमधून तपासा. आठवा टियर कधी दहाव्यासोबत पडतो. तेव्हा तुमच्या साध्या गोळीला समोरच्याच्या खालच्या पत्र्याव्यतिरिक्त काही दिसतंय का? नसेल तर सोन्याच्या (महागड्या, जास्त भेदणाऱ्या) गोळ्या लागणार, आणि त्यांचा खर्च क्रेडिटमध्ये, म्हणजे गेमच्या चलनात, मोजा. आठव्या टियरला साधा टँक मुळातच फारसे पैसे कमवून देत नाही.

चाल आणि नजर

यावर थोडक्यात. कमाल वेगाचा आकडा फसवा असतो. हॉर्सपॉवर भागिले टन, आणि मऊ जमिनीवरचा अडथळा, हे दोन बघा. मला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं असतं: माझ्या आवडत्या कोपऱ्यावर मी समोरच्या हेवीच्या आधी पोचतो का? आधी पोचलो तर जागा मी निवडतो. नंतर पोचलो तर तो आधीच निशाणा धरून बसलेला. माऊससारखा १८८ टनांचा आणि ताशी २० किलोमीटरचा राक्षस घेतला तर हा प्रश्नच संपला. तिथे टीम तुमच्याभोवती उभी राहते की नाही यावर सगळं. शिवाय हळू चालणाऱ्यावर तोफखान्याचं प्रेम फार.

व्ह्यू रेंज हेवीत दुय्यम. आयएस-३ ची ३५० मीटर आहे, शोधायचं काम इतरांवर सोडा. पण प्रोखोरोव्हकासारखं उघडं मैदान नशिबी आलं की हाच दुय्यम आकडा घशाशी येतो, एवढं लक्षात असू द्या.

चौथं काम: स्टॉक अवस्था

टँकचं परीक्षण वाचताना किंवा व्हिडिओ बघताना ते पूर्ण वाढलेल्या टँकचं असतं. तुम्हाला मिळणार वेगळाच. आयएस-३ नवा घेतला की हातात येते डी-२५टी, १७५ पेनची, जी सातव्या टियरच्या आयएसवर मिरवून झालेली असते. १७५ पेन घेऊन दहाव्या टियरसमोर जाणं म्हणजे लग्नाला बिनबोलावता जाणं. म्हणून फ्री एक्सपी (कुठल्याही टँकच्या संशोधनाला चालणारे अनुभव-गुण) आधी साठवा आणि गन आधी उघडा. गन बसवायला आधी सुधारित सस्पेन्शन लागतं का, हे टेक ट्रीत (गेममधल्या संशोधनाच्या तक्त्यात) तपासा. वजन न पेलल्यामुळे संशोधन झालेली गन आठवडाभर गॅरेजमध्ये पडून राहिलेली मी पाहिली आहे, स्वतःचीच.

क्रूचंही तसंच. पुढच्या टँकमध्ये जाणारा क्रू असेल तर तोच वापरा. आयएस-३ नंतर टी-१० येतो, म्हणजे इथे घडवलेला क्रू वाया जात नाही.

पाचवं काम: ट्रेनिंग रूम

इथपर्यंत सगळं कागदावर. आता एका मित्राला पकडा आणि ट्रेनिंग रूम उघडा. तिथे कमाई नाही, पण नुकसानही नाही. हिमेल्सडॉर्फ लावा, एखादा कोपरा निवडा, मित्राला १०० मीटरवर उभा करा.

आधी सरळ समोरून दहा गोळ्या खा. किती उसळल्या, मोजा. मग हल २५ अंश वळवून दहा. मग टरेट थोडा हलवत दहा. हलवत, म्हणजे डावी-उजवी नुसती डुलकी. एरवी कपोला समोरच्याला ताटात वाढल्यासारखा मिळतो. आयएस-३ बरोबर हे केलंत तर सरळ आणि वळवलेल्या हलमधला फरक तीस गोळ्यांत डोळ्यांसमोर येतो, आणि परत विसरत नाही. मग बाजू बदला. तुम्ही मारा, मित्राला खाऊ द्या. स्वतःच्या टँकची दुखरी जागा शत्रूच्या डोळ्यांनी बघितली की कोपऱ्यावर उभं राहण्याची पद्धतच बदलते.

भारतातून एशिया सर्व्हरवर खेळणाऱ्यांसाठी एक सूचना. सेटिंग्जमध्ये सर्व्हर रेटिकल (सर्व्हरच्या हिशेबाचं निशाण्याचं वर्तुळ) चालू करून बघा. पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ, जास्त असेल तर तुमच्या पडद्यावरचं वर्तुळ आणि सर्व्हरवरचं वर्तुळ यांत तफावत दिसते. डोकावून मारायच्या टँकमध्ये त्या तफावतीची किंमत एक गोळी असते. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी घरात तिघे जण व्हिडिओ बघत असताना अल्फाच्या गनला नावं ठेवू नका.

सहावं काम: वही

दहा लढायांवरून मत बनवू नका. दहापैकी सात हरलात म्हणजे टँक वाईट असं होत नाही, टीम, नकाशा आणि टियर यांचा त्यात मोठा वाटा असतो. मी किमान पन्नास लढाया खेळतो आणि प्रत्येकीमागे वहीत चारच गोष्टी लिहितो: केलेला डॅमेज, चिलखताने अडवलेला डॅमेज, किती सौदे झाले, आणि मेलो तेव्हा शेवटची गोळी कुठून लागली. पहिल्या दोन निकालाच्या पानावर मिळतात. शेवटची मात्र लगेच लिहावी लागते, पुढची लढाई सुरू झाली की आठवत नाही.

आयएस-३ च्या माझ्या वहीत सुरुवातीच्या पानांवर ‘नाक, डावीकडून’ हेच शब्द ओळीने येतात. ट्रेनिंग रूमनंतरच्या पानांवर ते कमी होतात आणि ‘मागून, लाइट टँक’ वाढतो, म्हणजे मी समोर टिकायला शिकलो होतो पण बाजू सोडून पुढे जात होतो. ती चूक टँकची नव्हती. उलट टी२९ च्या पानांवर ‘कपोला’ पहिल्यापासून शेवटपर्यंत तसाच राहिला, सवयी कितीही बदलल्या तरी. ती टँकची.

पन्नास लढायांनंतर मरणाचं कारण बदलत गेलं असेल तर टँक ठेवा, पुढे जा. पन्नासाव्या ओळीतही पहिल्याच ओळीचं कारण असेल आणि ते तुमच्या हातात नसेल, तर विकून टाका. अर्धी किंमत परत मिळते, आणि गॅरेजमध्ये एक जागा मोकळी होते.